जुन्या नावालाही ओ

माझी बायको मर्सी नेमकं काय काम करते, हे वसईच्या आमच्या पापडी गावात कुणालाही धड सांगता येत नाही. शेजारच्या आल्बिनामावशींना विचारा, त्या म्हणतील, "कॉम्प्युटरवर बसते." त्यातला बसण्याचा भाग तेवढा खरा आहे.

मी ॲन्सेल्म. शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झालो आणि आता घरामागच्या वाडीत केळी आणि सोनचाफा बघतो. झाडांचं एक बरं असतं, त्यांना निबंध लिहायला सांगितला नाही तरी ती वाढतात. मर्सीचं तसं नाही. तिचं काम कुणी सांगितलेलं नाही, त्याला पगार नाही, फंड नाही, नाताळाला केकसुद्धा नाही. तरी रोज सकाळी चहा झाला की ती ओटीवरच्या टेबलाशी बसते आणि जेवायला तिला तीन हाका माराव्या लागतात. मी चिडतो. चिडून काही होत नाही, हे संसाराने मला शिकवलंय.

लग्न झालं तेव्हा ती अंधेरीच्या एका लहान कंपनीत होती. ही कंपनी दृष्टिहीनांसाठी एक पेटी बनवायची. जेवणाच्या डब्याएवढी, मागे एक वायर. ती वायर कॉम्प्युटरला जोडली की पडद्यावर जे जे उमटेल ते ते पेटी मोठ्याने वाचणार. मर्सीने पेटीची आणि कॉम्प्युटरची ओळख करून देणारा प्रोग्राम लिहिला होता. पुढे कंपनी बंद पडली, मालक परदेशी गेला. पेट्या मात्र जिथे होत्या तिथेच राहिल्या, लोकांच्या टेबलांवर, बोलत. आणि मर्सीचा प्रोग्राम तोवर कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या त्या फुकट व्यवस्थेच्या गाभ्यात जाऊन बसला होता. तिथला रिवाज असा, की ज्याने लिहिलं त्यानेच सांभाळायचं. गाभा सतत बदलत असतो. तो बदलला की आपला तुकडाही त्याच्याशी जुळवून द्यायचा. मर्सी ते आजवर करत आलीय.

या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. मला हे समजायला बरीच वर्षं लागली, म्हणून तुम्हाला सोपं करून सांगतो. लग्नघरी बाहेरून आचारी बोलावतात ना, तसं मॉड्यूल. लागेल तेव्हा बोलवायचं. आल्या आल्या त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात: तिखट बेताचं टाका, चूल परसात मांडा. हे जे सांगणं, त्याला पॅरामीटर म्हणतात. आणि दर खेपेला तोंडाने सांगायला नको म्हणून ते एका फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवतात. पुढे ते सगळे विसरून जातात, आचारी मात्र विसरत नाही. आता समजा, एक दिवस आचाऱ्याला 'परस' हा शब्दच कळेनासा झाला. पूर्वीचा आचारी असता तर सामान उचलून घरी गेला असता. हल्लीचा तसं करत नाही. तो तोंडातल्या तोंडात 'हे काही कळलं नाही बुवा' असं पुटपुटतो आणि सरळ पुढच्या दारात चूल मांडतो. पाहुणे आले की मग गोंधळ.

आता शर्लीबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिच्या नोकरीची आहे.

शर्ली आमच्याच चर्चच्या धर्मग्रामातली, पस्तिशीची, जन्मापासून दृष्टिहीन. जवळच्या एका इस्पितळात चौकशीच्या फोनवर असते. कुठला डॉक्टर कधी बसतो, कोण रजेवर, कुठल्या तपासणीला उपाशीपोटी यायचं, सगळं ती सांगते. अर्ध्या वसईने तिचा चेहरा पाहिलेला नाही, पण आवाज सगळ्यांना ठाऊक. तिच्या टेबलावर मर्सीवालीच पेटी आहे. ती शर्लीने इतक्या वेगात लावलेली असते की आपल्याला वाटावं, शेजारच्या खोलीत मोहरी तडतडतेय. "अगं, जरा हळू लाव," असं मी एकदा म्हणालो तर म्हणाली, "अंकल, तुम्ही पेपर वाचताना एकेक अक्षर लावून वाचता का?" 

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी इस्पितळाने सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी व्यवस्था टाकायचं ठरवलं. प्रशासन बघणाऱ्या कॅथरिन मॅडमनी शर्लीला बोलावून सांगितलं, की नव्या व्यवस्थेवर तुझी पेटी चालली तर ठीक, नाहीतर फोनवर दुसरं कुणी बसेल आणि तुला चादरींच्या खोलीत देऊ. त्या काही दुष्ट नाहीत. फोन वाजत राहिला की शिव्या त्यांना खाव्या लागतात.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर शर्ली मर्सीचा हात धरून बाजूला उभी राहिली. "आंटी," ती म्हणाली, "चादरींच्या घड्या मला घरी पण घालता येतात. त्यासाठी मी एवढं शिकले नाही."

"चालेल पेटी," मर्सी म्हणाली. "ते मी लिहिलंय."

एवढ्या खात्रीने तिने मला लग्नाला होकारसुद्धा दिला नव्हता.

नवी व्यवस्था सुरू व्हायची त्याच सकाळी माझ्या गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांची वेळ होती. मला वाटलं योगायोग. तो योगायोग नव्हता, वेळ मर्सीने घेतली होती, पण नवऱ्याचा गुडघा कारणी लागला तर त्यात वाईट काय. आम्ही दोघं हॉलमध्ये बाकावर बसलो. समोर भिंतीवर लाल अक्षरांची पाटी, तिच्यावर टोकनचे नंबर सरकतात. हॉल भरलेला. कुणी पाय प्लास्टरमध्ये घालून, कुणी नातवाला कडेवर घेऊन, सगळ्यांचे डोळे त्या पाटीवर.

पाटी मध्येच थांबली. नंबर गेला. थोड्या वेळाने तिच्यावर इंग्रजी अक्षरं धावायला लागली.

मला एक खोड आहे. समोर अक्षरं दिसली की मोठ्याने वाचायची. तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्याचा परिणाम. मी वाचलं, "अननोन पॅरामीटर पोर्ट इग्नोर्ड." आणि बाजूच्या गृहस्थांना विचारलं, "हे कुठले नवे डॉक्टर?"

मर्सी माझे जुने एक्सरे पिशवीतून काढत होती. तिचा हात तसाच थांबला. "काय वाचलंत?"

मी परत वाचलं असतं, पण ती ओळ निघून गेली होती. तिच्या जागी आता एकेक अक्षर येत होतं. कुणीतरी टाइप करत असावं तसं, थांबत, अडखळत. बी. ओ. एल. मग एन. ए. मग आर. ई. सगळा हॉल ओठ हलवत जुळवत होता. 'बोल ना रे.' कुणीतरी फिदीफिदी हसलं. परत अक्षरं आली. 'देवा बोल.' आता सगळेच हसायला लागले. प्लास्टरवाले गृहस्थ म्हणाले, "देव टोकनशिवाय बोलत नाही वाटतं."

मी हसलो नाही. मर्सीचा चेहरा बघितला आणि मला कळलं. त्या भिंतीपलीकडे शर्ली मुक्या पेटीसमोर बसलीय, तिला काही ऐकू येत नाहीये, आणि कुणी बघत नाही असं समजून ती त्या यंत्राशी बोलतेय. आणि आम्ही शे-दीडशे माणसं ते वाचतोय. मला माझ्या त्या मोठ्याने वाचायच्या खोडीचीसुद्धा लाज वाटली. मर्सी एक्सरे बाकावर टाकून निघाली. मी लंगडत तिच्या मागे.

चौकशीच्या खोलीत फोन वाजत होता. शर्ली खुर्चीत ताठ बसली होती, बोटं कळफलकावर. इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस जितेंद्र बाजूला उभा होता. "पेटी गेली वाटतं, मॅडम," तो मर्सीला म्हणाला. "जुनीच होती."

"पेटीला काही झालेलं नाही," मर्सी म्हणाली. "तिचे शब्द बाहेर पाटीवर चाललेत. जा, वाचून ये."

तो गेला आणि कान लाल करून परत आला. तेवढ्यात कॅथरिन मॅडम आल्या. बाहेर लोकांचे नंबर अडकलेत, डॉक्टर खोळंबलेत, भिंतीवर कोणीतरी देवाला हाका मारतंय, हा काय प्रकार आहे, असं त्या एका दमात म्हणाल्या. शर्लीला आत्ताच कळलं की तिचं टाइप केलेलं हॉलने वाचलं. तिने कळफलकावरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. 

झालं होतं ते असं. त्या कॉम्प्युटरच्या मागे दोन भोकं आहेत, दोन पोर्ट. पहिल्याला टोकनची पाटी, दुसऱ्याला शर्लीची पेटी. फाइलमध्ये कित्येक वर्षांपासून लिहिलेलं आहे: पोर्ट दोन. पण नव्या व्यवस्थेतल्या मर्सीच्या मॉड्यूलला 'पोर्ट' हा शब्दच कळेना. तो पॅरामीटर त्याने बाजूला टाकला, 'कळला नाही' अशी एक ओळ लिहिली आणि ते आपलं सवयीने पहिल्या दाराशी जाऊन बोलायला लागलं. ती ओळ पडद्यावर आली होती, डोळस माणसासाठी. शर्लीला ती ज्या आवाजात ऐकू आली असती, तो आवाजच पाटीवर गेलेला.

मर्सीने मॉड्यूललाच विचारून नवं नाव काढलं, फाइलमध्ये त्या जागी ते लिहिलं, मॉड्यूल उतरवून परत चढवलं. मोहरी तडतडली. शर्लीने मान एका बाजूला केली, ऐकलं, आणि इतका मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं. बाहेर हॉलमध्ये कुणीतरी "आला, आला नंबर!" म्हणून ओरडलं. शर्लीने फोन उचलला.

मला वाटलं, संपलं. मी गुडघ्यांकडे वळणार होतो. तर जितेंद्र डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, पण हे टिकणार नाही. दर अपडेटला आमचं हेड ऑफिस फाइलींची मूळ प्रत परत ओततं. ठाण्याहून. त्यात जुनंच नाव आहे. मी सांगून बघतो, पण तिकडे कोण ऐकतंय."

"आणि पुढचं अपडेट कधी?" कॅथरिन मॅडमनी विचारलं.

"नाताळाच्या आधी. तारीख ते ठरवतात."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हे बघा," त्या मर्सीला म्हणाल्या, "शर्ली मला हवीय. पण दर वेळी तुमच्या मिस्टरांचे गुडघे दुखायची वाट मी बघू शकत नाही. पुढच्या अपडेटला हे असं परत झालं, तर मला तिला हलवावंच लागेल."

त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. राग आला, ते वेगळं.

माझे गुडघे दाखवून आम्ही रिक्षाने परतलो. घरी आल्यावर मर्सी टेबलाशी बसली आणि तिला सापडलं. हे संकेतने केलं होतं. संकेत विरार पूर्वेला चंदनसारला राहणारा मुलगा, मुलगा म्हणजे तिशीचा, नोकरी करून उरलेल्या वेळात मर्सीला या मॉड्यूलच्या कामात मदत करतो. हुशार आहे आणि व्यवस्थितपणाचं त्याला वेड आहे. त्याला दिसलं की बाकीची नवी मॉड्यूल एका पद्धतीची नावं वापरतात, आपलंच 'पोर्ट' तेवढं जुनाट. त्याने नाव बदललं. बदलण्याआधी त्याने या कामातल्या सगळ्यांना ईमेल जाते त्या यादीवर रीतसर विचारलं होतं: 'जुनं नाव काढतोय, कुणाची हरकत?' कुणी उत्तर दिलं नाही. मर्सीही नाही, कारण त्याच दिवसांत तिच्या भाचीचं लग्न होतं. आमच्याकडचं लग्न म्हणजे मांडव, उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जाणं, आहेर, जेवणावळी. घरातली बाई त्यातून बाहेर येते तेव्हा जग पुढे गेलेलं असतं. या वेळी खरंच गेलं होतं.

मर्सीने त्याला फोन केला. काय बोलली ते मी ऐकलं नाही, पण पुढच्याच रविवारी तो स्कूटरवरून पापडीत हजर झाला. मी त्याला सुकेळी दिली. सुकवलेली केळी आहेत हे त्याला सांगावं लागलं. विरारची माणसं इतक्या जवळ राहून सुकेळी खात नाहीत, याचा मला नेहमी राग येतो.

"मॅडम, पण मी लिस्टवर टाकलं होतं ना," तो म्हणाला. "दोन आठवडे थांबलो. कोणी काय बोललंच नाही."

"शर्ली लिस्टवर आहे का?"

"कोण शर्ली?"

 मर्सीने त्याला हॉलमधलं सगळं सांगितलं. पाटी, अक्षरं, 'बोल ना रे', लोकांचं हसणं, सगळं. संकेतच्या हातातली सुकेळी हातातच राहिली.

"मला वाटलं कोणी वापरतच नाही आता," तो हळूच म्हणाला.

"जे वापरत होते त्यांचं नीट चाललं होतं रे. ज्याचं नीट चाललंय तो कशाला बोलेल? आणि ज्याचं बिघडलं, त्याची तर वाचाच गेली. तो तुला ईमेल कसा लिहिणार?"

"सॉरी, मॅडम. खरंच." थोडं थांबून तो म्हणाला, "पण तसं बघितलं तर एकाच गोष्टीला दोन नावं बरी नाही दिसत. कोड घाण होतो."

मी आत गेलो. मर्सीचा राग मला ठाऊक आहे, त्याच्या आड न येणं चांगलं. पण ती चिडली नाही.

"नवं नाव छान आहे," ती म्हणाली. "ते ठेव. नवीन येणाऱ्यांना तेच सांगू. पण जुन्या नावाने कुणी हाक मारली तर ओ द्यायची. आपण नाव बदललं म्हणून हाक मारणाऱ्याला मुकं करायचं नाही. चाललेलं मोडायचं नाही, हा इथला पहिला नियम आहे, आणि तो मी नाही केलेला."

त्याने तिथेच बसून दुरुस्ती लिहायला घेतली. मी परत बाहेर आलो, कारण आता जेवणाची वेळ झाली होती आणि मला दोघांना हाका मारायच्या होत्या. एवढ्यात मर्सी त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "थांब. हे काय केलंस? 'पोर्ट दोन' म्हटल्यावर तू तिसरं दार उघडतोयस."

"मोजणी शून्यापासून असते ना, मॅडम. शून्य, एक, दोन."

"तुझ्या नव्या नावात असू दे शून्यापासून. जुन्या नावात एकपासून आहे. मीच ठेवलंय."

"पण शून्यापासूनच बरोबर आहे."

"असेल बरोबर. त्या कॉम्प्युटरांच्या पाठीवर उठावाचे आकडे असायचे, एक आणि दोन. शर्ली टेबलामागे हात घालून ते आकडे चाचपते आणि वायर लावते. मी तेव्हा अशा बोटांसाठी लिहिलं. नुसतं नाव परत आणून भागत नाही, त्या नावाचा जुना अर्थ पण परत यायला पाहिजे."

संकेतने डोकं धरलं. मला त्याची दया आली. म्हणजे बघा, नाव परत आणलं असतं आणि मोजणी चुकली असती, तर शब्द पाटीवरही गेले नसते, कुठेच गेले नसते. तिसरं दार त्या कॉम्प्युटरला नाहीच. आणि आम्ही तिघं समाधानाने जेवलो असतो.

नवी दुरुस्ती मर्सीने सगळ्या तऱ्हांनी तपासली. जुनं नाव, नवं नाव, दोन्ही, एकही नाही. संकेत जाताना डबाभर सुकेळी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती वर पाठवली. वर म्हणजे, हे सगळं एकत्र करणारे जे मोठे लोक जगभर बसलेले असतात, त्यांच्याकडे. तिथल्या एकाने उलट विचारलं: एवढ्या जुन्या पेटीचं जुनं नाव, ते खरंच कुणी वापरतं का अजून? मर्सीने एका ओळीचं उत्तर लिहिलं. मी ते वाचलं, कारण वाचायची खोड. 'हो, वापरते. सोमवार ते शनिवार.'

दुरुस्ती मंजूर झाली.

पण मंजूर होणं वेगळं आणि ती फिरत फिरत वसईच्या इस्पितळात पोचणं वेगळं. वरून निघालेली दुरुस्ती आधी गाभ्यात जाते, मग व्यवस्था बांधणाऱ्यांकडे, मग ठाण्याच्या हेड ऑफिसात, मग जितेंद्रच्या हातात. मधल्या कुठल्याही मुक्कामावर ती एका आठवड्याने मागे राहिली की संपलं, जुन्या नावाची फाइल ओतली जाणार आणि पाटी परत बोलायला लागणार. मर्सी रोज बघायची, कुठवर पोचली. जितेंद्रला फोन करायची, "तारीख कळली का?" तो म्हणायचा, "मॅडम, ते मला पण आदल्या दिवशीच सांगतात." भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. मी काही बोललो नाही. म्हणजे एकदा बोललो, आणि ताट उचलून वाडीत जाऊन जेवलो.

शर्ली मात्र शांत होती. निदान दाखवत तरी तसं होती. रविवारी चर्चबाहेर भेटली की ती तो विषयच काढायची नाही. एकदा मात्र आमच्या ओटीवर आली असताना एकाएकी म्हणाली, "आंटी, लोक हसले ना त्या दिवशी, त्याचं मला काही नाही वाटत. मला भीती वाटते ती वेगळीच. चादरींच्या खोलीत कोणाचा फोन येत नाही." मर्सीने तिच्या हातावर हात ठेवला, आणि मी वाडीत पाणी सोडायचं निमित्त काढून उठलो. असं काही ऐकलं की मला बसवत नाही.

नाताळ जवळ आला. गावात तारे टांगायला लागले. एका सोमवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि मर्सीच्या मोबाइलवर जितेंद्रचा निरोप आला: 'मॅडम, काल संध्याकाळी अपडेट टाकलं. तारीख अचानक आली, कळवायचं राहिलं. सॉरी.'

मर्सीने कप खाली ठेवला. घड्याळात नऊ वाजून गेले होते. शर्ली आठला कामावर बसते. म्हणजे जे काही व्हायचं ते होऊन तासभर उलटला होता. दुरुस्ती त्या अपडेटात होती की नव्हती, हे तिने टेबलाशी जाऊन बघायला हवं होतं, पण ती उठेना. "तुम्ही फोन लावा," ती मला म्हणाली.

"मी? मी काय बोलू?"

"काहीही बोला. चौकशीला लावा. कोण उचलतं ते बघा."

मी लावला. वाजला, परत वाजला. मला वाटलं आता कुणीतरी अनोळखी आवाज येणार, आणि मग मी मर्सीकडे कसा बघणार. फोन उचलला गेला.

"नमस्कार, चौकशी विभाग. बोला."

शर्ली होती. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. तरी मी धीर करून म्हणालो, "अगं, ॲन्सेल्म बोलतोय. आंटी विचारतेय, सगळं ठीक ना?"

"ठीक म्हणजे?"

मर्सीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "शर्ली, पेटी? नवीन अपडेटनंतर पेटी बोलतेय ना?"

 पलीकडून मला तिचा आवाज इथवर ऐकू आला.

"कसलं अपडेट, आंटी?"

 मर्सी ओठ घट्ट मिटून बसली होती. पलीकडून शर्ली आणखी काहीतरी म्हणाली, आणि मर्सीने फोन हळूच खाली ठेवला. एवढी सगळी मेहनत, ते सगळे दिवस, आणि जिच्यासाठी केलं तिला काही झालं हे कळलंसुद्धा नाही. मला आधी थोडं वाईट वाटलं. मग मर्सीकडे बघितलं तर ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदराने पुसत होती आणि परत वाहत होतं. इतकं सुटल्यासारखं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"काय म्हणाली शेवटी?" मी विचारलं.

"ठेवते म्हणाली," मर्सी म्हणाली. "कामात आहे."